अंकल आयरोचा आवाज आणि आजीकडे राहिलेला मुलगा



पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर एका मैत्रिणीने विचारलं होतं. दोघांच्या नोकऱ्या, डे-केअरचा खर्च, त्यात व्हिसाचं काम लटकलेलं. म्हणून लेकीला वर्ष-दीड वर्षासाठी पुण्याला आजी-आजोबांकडे ठेवायचा विचार आहे, कोणी असं केलंय का? खाली कमेंट्सचा पाऊस पडला. निम्म्या जणी म्हणाल्या, 'आजीकडेच तर राहणार, त्यात काय एवढं!' आणि निम्म्या म्हणाल्या, 'बाई गं, असलं काही करू नकोस.' मी तेव्हा गप्प बसले, कारण दोन ओळींत सांगण्यासारखं नव्हतं. आज सांगते, पण सुरुवात एका जपानी नटापासून करते. जरा धीर धरा, मुद्द्यावर येतेच.

तुमच्या घरात आठ ते अठरा वयाचं कोणी असेल तर 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' हे कार्टून घरात कधी ना कधी लागलं असणारच. त्यातले अंकल आयरो आठवतात का? गोल पोट, पांढरी दाढी, चहाचं वेड. सख्ख्या बापाने हाकलून दिलेल्या पुतण्याला, झुकोला, सांभाळणारा काका. मुलं मोठी होतात, बाकीचं कार्टून विसरतात, पण या काकाला विसरत नाहीत. त्याचा तो खरखरीत, ऊबदार आवाज ज्या माणसाचा होता, त्याचं नाव माको. पूर्ण नाव माकोतो इवामात्सु. हॉलिवूडमध्ये जवळजवळ पन्नास वर्षं काम केलं आणि त्यातलं बहुतेक सगळं चरित्र अभिनेता म्हणून. म्हणजे ज्याचा चेहरा बघून आपण 'अरे, हा त्या पिक्चरमध्ये होता ना?' म्हणतो आणि नाव काही केल्या आठवत नाही, असा नट.

माको यांचा जन्म १० डिसेंबर १९३३ चा, जपानमधल्या कोबे शहरातला. आई-वडील दोघेही चित्रकार आणि दोघेही लष्करशाहीच्या विरोधात. तेव्हाच्या जपानमध्ये ही साधी गोष्ट नव्हती, दोघांनी त्यापायी तुरुंग पाहिला होता. १९३९ मध्ये चित्रकला शिकायला म्हणून ते दोघे अमेरिकेला, न्यूयॉर्कला गेले. मुलगा पाच वर्षांचा होता. त्याला आजीकडे ठेवलं.

दोन वर्षांनी पर्ल हार्बर झालं. आई-वडील ज्या देशात, तो देश आणि मुलगा ज्या देशात, तो देश, यांचं एकमेकांशी युद्ध सुरू झालं. वडिलांनी अमेरिकेच्या बाजूने काम करायचं ठरवलं. ओएसएस या युद्धकाळातल्या गुप्तवार्ता खात्यासाठी ते चित्रं काढत होते. पण हे जपानी सरकारला कळलं तर तिकडे राहिलेल्या मुलाचं आणि नातेवाइकांचं काय होईल? म्हणून त्यांनी स्वतःचं नाव बदललं. अत्सुशी इवामात्सुचे ते तारो याशिमा झाले, आणि मरेपर्यंत जग त्यांना त्याच नावाने ओळखत राहिलं. मुलाला वाचवण्यासाठी बापाने मुलाचं आणि आपलं सामाईक आडनाव टाकून दिलं. पुढे अमेरिकी विमानांनी जपानी शहरांवर बॉम्ब टाकले, कोबेही त्यातून सुटलं नाही.

युद्ध संपल्यावरही काही वर्षं गेली. १९४९ मध्ये माको न्यूयॉर्कला आई-वडिलांकडे पोचले. पाच वर्षांचा सोडलेला मुलगा पंधरा वर्षांचा होऊन समोर उभा राहिला. आणि घरात एक वर्षभराची बहीण होती, मोमो. तिचा जन्म अमेरिकेतला, १९४८ चा.

ही बहिणीची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा लॅपटॉप बंद करून थोडा वेळ तशीच बसले. आता माझं सांगते.

१९८७ मध्ये मी पाच वर्षांची होते. आई नर्स. तिला आणि बाबांना मस्कतला नोकऱ्या मिळाल्या आणि मी मिरजेला आजीकडे राहिले. तेव्हा हे काही वेगळं नव्हतं. आमच्या गल्लीत आणखी दोन घरांत अशीच मुलं होती. पगार, राहायची जागा, शाळेची फी, सगळी जुळवाजुळव होईपर्यंत 'थोडेच दिवस' असं ठरलं होतं. ते थोडे दिवस पाच वर्षं चालले. दरम्यान १९८९ मध्ये माझा भाऊ मस्कतला झाला आणि तो तिकडेच वाढला.

आजीने माझं काही कमी केलं नाही. आजही माझ्या भाकरीला जो पापुद्रा येतो तो तिचा. त्यामुळे 'आजीकडे ठेवलं तर मूल उपाशी राहील का' असल्या काळज्या तर डोक्यातही आणू नका. मिरजेची ती पाच वर्षं मला कोणी परत दिली तर मी घेईन.

पण फोनचं सांगते. ट्रंक कॉल महाग, महिन्यातून एकदा आणि तोही शेजाऱ्यांकडे. म्हणून बाबा कॅसेट भरून पाठवायचे. सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून टँग, टायगर बाम आणि ती कॅसेट यायची. आजी काकूंकडून टू-इन-वन मागून आणायची. 'बाळा, अभ्यास कर, आजीला त्रास देऊ नको, आम्ही लवकर येतोय.' मागे एसीची घरघर. मी ती कॅसेट इतक्यांदा ऐकायची की सेल उतरत यायचे आणि बाबांचा आवाज हळू, जाडा होत जायचा. माझ्या डोक्यात बाबांचा आवाज म्हणजे तो उतरलेल्या सेलचा आवाज.

१९९२ मध्ये मस्कतच्या विमानतळावर बाबा मला घ्यायला आले. 'आलीस का गं?' म्हणाले. आवाज बारीक होता. मला वाटलं, हे बाबा नव्हेत. त्यांच्या कडेवर माझा तीन वर्षांचा भाऊ होता आणि तो त्यांच्या शर्टाच्या खिशातलं पेन काढत होता, अगदी सवयीने. मी कुणाच्याही खिशाला हात लावला नसता. मी त्यांना कितीतरी महिने 'अहो बाबा' म्हणत होते. आई हसायची. मला हसू येत नसे.

आता पुन्हा माकोंकडे येते, कारण त्यांच्या वडिलांची पुस्तकं तुमच्या जवळच्या लायब्ररीत बहुतेक असतील. तारो याशिमा पुढे मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी नावाजले गेले. 'क्रो बॉय' हे १९५५ चं, 'अम्ब्रेला' १९५८ चं. दोन्ही पुस्तकांना अमेरिकेतला कॅल्डेकॉट ऑनर हा मान मिळाला. 'अम्ब्रेला' मधली मुलगी मोमो आहे. तिला वाढदिवसाला छत्री आणि लाल गमबूट मिळतात आणि ती पावसाची वाट बघत बसते. फार गोड पुस्तक आहे. मी ते माझ्या मुलाला वाचून दाखवताना प्रत्येक पानावर नकळत तिच्या दादाला शोधत होते.

'क्रो बॉय' जपानमधल्या खेड्यातल्या शाळेची गोष्ट आहे. एक बुजरा मुलगा, कुणाशी बोलत नाही, सगळे त्याला चिडवतात. सहाव्या वर्षी नवे मास्तर येतात, ते त्याच्याशी बोलतात. शेवटी शाळेच्या कार्यक्रमात हा मुलगा स्टेजवर उभा राहतो आणि कावळ्यांचे आवाज काढून दाखवतो. पिल्लाचा वेगळा, आईचा वेगळा, बापाचा वेगळा. तेव्हा वर्गाला कळतं की इतकी वर्षं तो पहाटे उठून किती लांबून एकटा चालत येत होता. हे पुस्तक आलं तेव्हा माको एकवीस-बावीस वर्षांचे होते. वडिलांच्या मनात लिहिताना कोण होतं, हे सांगणारी मी कोण. पण पुढे या घरातला मुलगाच आवाजासाठी जगभर ओळखला गेला.

आणि तो नट कसा झाला, ते आपल्यासारख्या पालकांनी ऐकण्यासारखं आहे. माको ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये आर्किटेक्चर शिकत होते. एका मित्राने लहान मुलांच्या नाटकाचं नेपथ्य करशील का विचारलं. ते केलं आणि वर्गाला दांड्या सुरू झाल्या. इतक्या, की विद्यार्थी म्हणून सक्तीच्या लष्करी भरतीतून मिळालेली सूट गेली आणि लष्करात जावं लागलं. तिथून सुटल्यावर आर्किटेक्चरकडे न वळता ते कॅलिफोर्नियात पॅसाडिना प्लेहाउसमध्ये अभिनय शिकायला गेले. १९५६ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले. पहिला सिनेमा १९५९ चा, फ्रँक सिनात्रा असलेला 'नेव्हर सो फ्यू'.

तो काळ कसा होता बघा. १९६१ च्या 'ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज' मध्ये जपानी शेजाऱ्याचं काम मिकी रूनी या गोऱ्या नटाने खोटे दात लावून, बोली वाकडी करून केलं होतं आणि लोक हसले होते. खऱ्या जपानी नटाला मिळायचं ते घरगडी, धोबी, माळी नाही तर शत्रूचा सैनिक. आणि जपानीच कशाला, चेहरा आशियाई असला की झालं. 'मॅश' या प्रसिद्ध मालिकेत माकोंनी वेगवेगळ्या भागांत चिनी, दक्षिण कोरियाचा, उत्तर कोरियाचा अशा वेगवेगळ्या भूमिका केल्या. आपल्याकडच्या मराठी, तमिळ, पंजाबी, सगळ्यांना इथे एकच 'इंडियन अ‍ॅक्सेंट' असतो, तसंच.

१९६६ मध्ये 'द सँड पेबल्स' आला. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, नायक स्टीव्ह मॅक्वीन. १९२६ च्या चीनमधली एक अमेरिकी गनबोट आणि तिच्या इंजिनखोलीत राबणारा चिनी कामगार पो-हान, ती माकोंची भूमिका. कागदावर ती एका नोकराचीच भूमिका आहे. त्याला इंग्रजी मोडकं-तोडकं येतं, वाफेचं इंजिन म्हणजे काय हे त्याला नायक शिकवतो. माकोंनी त्या मोडक्या इंग्रजीची कुठेही टिंगल होऊ दिली नाही. पो-हानला वाक्य सापडत नाही, पण त्याला समजतंय हे आपल्याला दिसतं. सिनेमातला त्याचा मृत्यू बघवत नाही. या कामासाठी माकोंना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं.

मिळालं नाही ते पुढचं काम, म्हणजे नामांकनानंतर एखाद्या गोऱ्या नटाला मिळालं असतं तसं. आपल्यातल्या कितीतरी जणांना ही गोष्ट ऑफिसमधून ठाऊक आहे. अवॉर्ड मिळतं, टाळ्या होतात, आणि पुढच्या प्रोजेक्टचा लीड दुसराच कोणी असतो.

पण या माणसाने तोवर एक काम करून ठेवलं होतं. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये काही आशियाई कलाकारांनी मिळून 'ईस्ट वेस्ट प्लेयर्स' ही नाटक कंपनी काढली, त्यात माको पुढे होते. विचार साधा होता. ते आपल्याला माणसाची भूमिका देत नाहीत, तर आपण आपली नाटकं करू. १९८९ पर्यंत माकोंनी ती कंपनी कलादिग्दर्शक म्हणून चालवली. सिनेमात मिळतील ती कामं करायची, आणि इकडे आपली गोष्ट आपल्या माणसांकडून लिहून घ्यायची. वाकाको यामाउची या लेखिकेला 'तुझ्या कथेचं नाटक कर' म्हणून मागे लागणारे हेच. १९८१ मध्ये, युद्धकाळात अमेरिकेने छावण्यांत डांबलेल्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांबद्दल सरकारी आयोगापुढे साक्षी चालू होत्या, तेव्हा माकोंनी कंपनीचा अख्खा हंगाम त्या विषयावरच्या नाटकांना दिला. ती कंपनी आजही चालू आहे. आपल्या मंडळातल्या गणपतीच्या नाटकाच्या तालमीला 'वेळ कुठाय' म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं, मी पण त्यात आले.

१९७६ मध्ये ब्रॉडवेवर 'पॅसिफिक ओव्हर्चर्स' या संगीत नाटकासाठी त्यांना टोनी पुरस्काराचं नामांकन मिळालं. पुढे 'कोनन द बार्बेरियन' मधला मांत्रिक, 'पर्ल हार्बर' मधले अ‍ॅडमिरल यामामोतो, 'मेमॉयर्स ऑफ अ गेइशा' मधला मुलींचा म्हातारा बाप, अशी कामं होत राहिली. आणि साठी उलटल्यावर आली कार्टून्स. २००१ पासून 'सामुराई जॅक' मधला दुष्ट आकू. मग २००५ मध्ये अंकल आयरो.

आपण आपल्या उच्चारांबद्दल किती हळवे असतो! शाळेच्या मीटिंगला मुलं कोपराने ढोसतात, 'आई, व्हेजिटेबल असं नाही म्हणत.' माको पंधराव्या वर्षी इथे आले आणि त्यांच्या इंग्रजीत जपान शेवटपर्यंत राहिलं. ज्या आवाजाला हॉलिवूडने वर्षानुवर्षं घरगड्याच्या भूमिका दिल्या, त्याच आवाजात आपली मुलं आज शहाणपण ऐकतात. कोणी त्याला 'अ‍ॅक्सेंट' म्हणत नाही, अंकल आयरोचा आवाज म्हणतात.

'अवतार' च्या दुसऱ्या पर्वात 'द टेल्स ऑफ बा सिंग से' नावाचा भाग आहे. त्यात आयरो दिवसभर बाजारात फिरतो, रडणाऱ्या पोराला गाणं म्हणून हसवतो, चोराला समजावतो. संध्याकाळी एका टेकडीवर झाडाखाली एकटा जातो, युद्धात गेलेल्या आपल्या मुलाचा फोटो मांडतो आणि तेच गाणं म्हणताना त्याचा आवाज फुटतो. माको २१ जुलै २००६ ला कॅन्सरने गेले, बहात्तर वर्षांचे होते. हा भाग दोन महिन्यांनी दाखवला गेला आणि आयरोची गोष्ट संपताना पडद्यावर त्यांच्या नावे आदरांजली आली. पुढच्या 'लेजंड ऑफ कोरा' मध्ये माको नावाचा मुलगा आहे ना, तो यांच्याच नावाचा.

हा भाग आम्ही मागच्या उन्हाळ्यात बघितला तेव्हा बाबा इथे आलेले होते. नातवाने त्यांना इंग्रजी-मराठीत सगळं समजावलं, मी माकोंची आणि त्यांच्या वडिलांची हकिकत सांगितली. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझ्या कॅसेटी मी रात्री रूममधली पोरं झोपल्यावर भरायचो. तीन-तीन वेळा पुसायला लागायच्या. रडका आवाज जायला नको, तू घाबरशील म्हणून."

पस्तीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. मिरजेच्या त्या मुलीला वाटायचं की बाबा तिकडे मजेत आहेत, म्हणूनच इतके शहाण्यासारखे बोलतात. पुसलेली एखादी कॅसेट आली असती तर बरं झालं असतं.

तर त्या मैत्रिणीसाठी. माकोंच्या आई-वडिलांपुढे हुकूमशाही आणि युद्ध होतं, माझ्या आई-बाबांपुढे मिरजेतलं कर्ज, आणि तुझ्यापुढे व्हिसा आणि डे-केअरचं बिल. तिन्हींची तुलना होत नाही, आणि ठेव की ठेवू नको हे मी सांगणार नाही. घर तुझं, गणितं तुझी. पण ठेवायचं ठरलंच, तर आजीकडे राहिलेल्या एका मुलीकडून एवढं ऐक.

मुलीला झोपेत टाकून निघू नका. विमानतळावर रडारड झाली तरी चालेल, सांगून निघा. 'लवकर येतो' म्हणू नका. लहान मुलाला लवकर म्हणजे उद्या वाटतं. 'तुझ्या वाढदिवसाला', 'गणपतीला', असं काहीतरी धरता येईल असं सांगा, आणि तेवढं पाळा. व्हिडिओ कॉलवर नुसतं 'खाल्लं का, झोपली का' नको. तुम्ही इथे पोळ्या करताय, कपड्यांच्या घड्या घालताय, ते तसंच चालू ठेवा, तिला बघू दे. तुमचा खरा आवाज तिच्या कानात राहू दे. आठवण येतेय तर सांगा, आवाज कापरा झाला तरी सांगा.

आणि ती परत येईल तेव्हा ती तुमच्याकडे लगेच येणार नाही. आजीसाठी रडेल, तुम्हाला परकं समजेल. त्या दिवसांत तिला 'बघ, तुझ्यासाठीच केलं सगळं' हे ऐकवू नका. रागावू द्या. दुसरं मूल झालं असेल तर त्याच्याशी तिची तुलना चुकूनही नको. तिला तुमच्या खिशातलं पेन काढायची सवय नाही, ती व्हायला वेळ द्या.

शेवटी घरगुती सल्ला. 'क्रो बॉय' आणि 'अम्ब्रेला' चार-पाच वर्षांच्या मुलांनाही वाचता येतील. 'बा सिंग से' चा तो भाग आठ-नऊ वर्षांपुढे, आणि शक्यतो आजी-आजोबा आलेले असताना. 'सँड पेबल्स' मोठ्या मुलांसोबतच, तीन तासांचा आहे आणि मारहाण फार आहे.

तुमच्यापैकी आणखी कोण लहानपणी असं आजीकडे, मावशीकडे राहिलंय? किंवा कोणी मूल ठेवून आलंय? खाली लिहा. उघड लिहायचं नसेल तर मला मेसेज करा. त्या मैत्रिणीला पुढच्या महिन्यात तिकिटं काढायची आहेत, त्याआधी तिला दोन्ही बाजूंचं ऐकायला मिळू दे.